तुझी चंद्राची गाडी, माझं भुयारातलं चंद्रपूर

सुजाता, मला अजून रडू आलेलं नाही, हे आधी सांगून टाकते.

दिलीपभाऊजींचा फोन आला तेव्हा मी वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत होते. बॉयलरच्या पाण्याचा नमुना हातात होता. तुझा नवरा एवढंच म्हणाला, ‘मंगलाताई, सुजाता गेली.’ मी विचारलं, ‘कुठी गेली?’ खरंच विचारलं. वाटलं, शाळेच्या कामाने सिरोंच्याकडे कुठेतरी गेली असशील आणि तुझा फोन लागत नसेल. भाऊजींनी फोन दुसऱ्या कोणाच्या हातात दिला, तेव्हा कळलं. मी नमुना पूर्ण तपासला. हात धुतले. साहेबांना सांगितलं आणि गडचिरोलीच्या बसमध्ये बसले. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. शेजारची बाई तोंडावर पदर घेऊन झोपली होती. वैनगंगेचा पूल आला, नदीत पाणी थोडंच होतं, ते मी पाहिलं. डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तू उन्हाने गेलीस. दवाखान्यात उष्माघात म्हणाले, तुझी सासू लू लागली म्हणते. मे महिन्यात आपल्या भागात हे होतं, त्यात नवल काही नाही. पण माझ्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या गोष्टीत एक बाई चंद्रपूरच्या उन्हात मरते, आणि हे तुझ्या अंत्ययात्रेत आलेल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. तुझ्या शाळेतले एक सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही तं हे आधीच लिहून ठेवलं होतं.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मान हलवली. इतकी वर्षं आपण ज्यावर भांडलो, त्यात मी जिंकले असं ते मला सांगत होते बहुतेक.

भांडण सुरू कधी झालं, आठवतं? चंद्रपूरच्या होस्टेलमध्ये. बीएस्सीच्या दोघी. मी खाणीच्या कॉलनीतली, तू नागभीडची. खोलीत पंखा एक आणि पलंग तीन, म्हणून दुपारी आपण लायब्ररीत जाऊन बसायचो, तिथे कूलर होता. वाचायला नाही, थंडाव्याला. मग बसलोच आहे तर वाचू, असं करत विज्ञानकथांचं आख्खं कपाट संपवलं. संपल्यावर तू म्हणालीस, ‘आता काय करायचं? आपणच लिहू.’

तुझ्या पहिल्या गोष्टीत नागभीड जंक्शनवरून चंद्राची गाडी सुटत होती. फलाटावर आलूबोंडे विकणारा होता, ‘चंद्राकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हणून घोषणा होती आणि एक म्हातारी खिडकीतून नातीला सांगत होती, ‘पोहोचली की फोन कर.’ मी पोट धरून हसले. तेव्हा नागभीडहून नागपूरला छोट्या रुळावरची गाडी जायची. ती इतकी हळू जायची की पोरं खाली उतरून बोरं तोडून परत चढायची.

‘अवं, तुह्या गावाले मोठा रूळ नाई आला अजून,’ मी म्हणाले, ‘आणि तू चंद्रावर गाडी सोडून राह्यली?’

‘मंग? चंद्रावर जायले रूळ कायले लागते?’

तू अजिबात हसली नाहीस. तू गंमत म्हणून लिहिलेलं नव्हतंस, हे मला तेव्हा समजलं.

माझ्या गोष्टीत चंद्रपूर जमिनीखाली गेलं होतं. वर राहण्यासारखं ऊनच उरलेलं नाही, म्हणून माणसं बंद पडलेल्या कोळसा खाणींत राहतात. थंड हवा पाळीपाळीने मिळते. एक बाई एकदा तरी झाड बघायचं म्हणून वर येते आणि मरते. तू वाचलीस आणि पहिला प्रश्न केलास, ‘हिले नाव काऊन नाई?’

‘नाव कशाला? ती कोणीही असू शकते.’

‘कोणीही कोणी नसते. आणि एकटीच काऊन मरते ते? आपल्याकडे कोणी कोणाले एकटं मरू देते का? मेलेल्या घरी माणसं इतकी येतात की बसाले जागा नसते.’

‘तेव्हा तसं राहणार नाही, हेच तर सांगायचं आहे.’

‘कोणी सांगतलं तुले?’

मी म्हणाले, दिसतंय ते लिहिते. तू म्हणालीस, दिसते ते लिहाले विज्ञानकथा कायले पायजे, बातमी लिही. दोन दिवस आपण बोललो नाही. मग तू मेसमधून माझ्यासाठी भाकर झाकून आणलीस आणि भांडण तिथूनच पुढे चालू केलंस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे, कारण तू ते कधी बदललं नाहीस. तुझा आजा रेल्वेत गँगमन होता. नागपूरहून दीक्षा घेऊन आला, घरातले देव बाहेर काढले आणि आजीला म्हणाला, ‘आपली नात शाळेत शिकवन.’ आजी हसली. नात कुठली, तेव्हा त्यांना पोरगाही झाला नव्हता. ही हकीकत तू शंभरदा सांगितली असशील आणि दर वेळी शेवटी तेच विचारायचीस, ‘ते विज्ञानकथा नाई तं काय होय? जे कोणाच्या बापानं पाह्यलं नाई, ते त्यानं पाह्यलं. मी त्याच्या गोष्टीतून बाहेर आलेली बाई आहो.’ आणि मग आवाज खाली आणून म्हणायचीस, ‘ज्याचं मागचं चांगलं गेलं, त्याले पुढचं वाईट लिहाची हौस असते मंगले. आमच्या मागं काय होतं? आम्हाले चांगलं भेटलं तं पुढंच भेटन.’

यावर सांगायला माझ्याकडे फक्त बाबा होते. बाबा खाणीत खाली उतरायचे. फाटकावर मोठा रंगवलेला फलक होता. त्यावर दिव्यांनी उजळलेलं शहर, हसणारी मुलं, हिरवं शेत. त्या फलकाखालून बाबा रोज आत जायचे आणि काळे होऊन बाहेर यायचे. शेवटी त्यांना पलंगावरून संडासापर्यंत जायलाही दम पुरत नव्हता. मी तुला एकदाच सांगितलं, की उजेडाच्या प्रत्येक गोष्टीत खाली कोणीतरी खणत असतो आणि लेखक तिकडे जात नाही. तुझ्या पुढच्या गोष्टीत चंद्रावरच्या वस्तीला पाणी लागत होतं, ते बर्फ फोडून काढणारा एक माणूस होता, आणि त्याला खोकला होता. मीसुद्धा गोष्ट पुन्हा छापायला दिली तेव्हा त्या बाईचं नाव ठेवलं. आपण दोघींनीही एकमेकींना हे बोलून दाखवलं नाही.

पुण्याच्या त्या दिवाळी अंकाचंही आठवतं. दोघींनी गोष्टी पाठवल्या. माझी घेतली, तुझी परत आली. संपादक तुझ्याशी फोनवर अगदी प्रेमाने बोलले. म्हणाले, ‘भाषा छान आहे, पण आशावाद जरा भाबडा वाटतो. तुमच्या भागातून आम्हाला वास्तवाची अपेक्षा असते.’ तू तेव्हा गडचिरोलीपुढच्या धानोऱ्याला शाळेत नुकतीच नोकरीला लागली होतीस. मी तुझ्याकडेच आले होते. फोन ठेवून तू तांदूळ निवडत बसलीस. निवडता निवडता म्हणालीस, ‘पुण्याच्या माणसानं मंगळावर वस्ती केली तं कल्पनाशक्ती. धानोऱ्याच्या बाईनं केली तं भाबडी. आम्ही निस्तं मरून दाखवाचं काय यायले?’

मी माझी गोष्ट मागे घेते म्हणाले. तू भडकलीस. ‘घेऊ नको. छापू दे. तुही गोष्ट चांगली आहे. चूक आहे, पण चांगली आहे.’

‘चूक आहे, पण चांगली आहे.’ माझ्या लिखाणावर इतकं नेमकं दुसऱ्या कोणी काही म्हटलेलं नाही.

तू मात्र लिहिणं थांबवलं नाहीस, आणि छापायलाही पाठवलं नाहीस. शाळेतल्या पोरींना वाचून दाखवू लागलीस. दोघींच्याही गोष्टी. माझी भुयाराची गोष्ट ऐकून त्या आठवीतल्या पोरी काय म्हणाल्या, ते तू मला फोनवर हसत हसत सांगितलंस. मी इतकी भीती भरली होती, आणि त्या आपसात ठरवत होत्या की खाणीत कोणाची खोली कोणाजवळ घ्यायची. ‘पाह्य,’ तू म्हणालीस, ‘तू किती अंधार कर, ह्या तिथी चूल मांडतात.’ पण तुझ्या गोष्टीचंही तू सांगितलंस. धानोऱ्याच्या जागी तू काचेचं शहर उभं केलं होतंस. एका पोरीने विचारलं, ‘बाई, मंग मोह कुठी गेला?’ तू त्या शहरात मोहाचं एकही झाड ठेवलं नव्हतंस. तो आख्खा उन्हाळा तू ती गोष्ट पुन्हा लिहिण्यात घालवलास. तेव्हाही मला वाटलं होतं, की आपण दोघी भांडतोय खऱ्या, पण दोघींच्याही गोष्टीतून हे गाव निसटून जातंय. हे तुला सांगायचं राहिलं.

गेल्या दिवाळीपासून आपण एकच गोष्ट दोघींनी लिहायला घेतली होती. एक भाग तुझा, एक माझा. खूप पुढच्या काळातलं धानोरा, आणि चैती नावाची बाई, जी हवेचा अंदाज सांगते. तू तिला शहाणी केलीस, मी तिला थकवली. तू गावाला पाणी दिलंस, मी ते आटवलं. एप्रिलमध्ये मी माझ्या भागात चैतीला मारलं. उन्हानेच. तुला मोबाइलवर पाठवलं आणि फोनची वाट पाहत बसले. वाटलं, आता ही कडाडणार, एखादं औषध शोधून तिला उठवून बसवणार.

तू संध्याकाळी फोन केलास. मागे तुझी लेक मैत्री कुकर बंद करू का विचारत होती.

‘वाचलं,’ तू म्हणालीस. ‘मारली तं मारली. जित्ती नाई करत मी तिले.’

‘का गं?’

‘अशा उन्हात माणूस मरतेच. तुहं खरं आहे.’

इतक्या वर्षांत ‘तुहं खरं आहे’ हे तू पहिल्यांदाच म्हटलंस. मला आवडलं नाही. मी विचारलं, ‘मग काय लिहिणार आहेस?’

‘मी दुसरंच काही तरी पाहून राह्यली. लिहिल्यावर वाचशील ना.’ आणि नेहमीसारखी म्हणालीस, ‘ठेवतो मंग.’ आपल्याकडच्या बाया ‘ठेवते’ म्हणत नाहीत. शहरात राहून माझं ते सुटलं, तुझं सुटलं नाही.

नंतर आपण मैत्रीच्या दहावीच्या क्लासबद्दल बोललो, माझ्या गुडघ्याबद्दल बोललो. चैतीबद्दल नाही.

सुट्ट्या लागल्या होत्या, तरी तू पोरींकडे जात होतीस. विडीच्या तेंदूपत्त्याचे दिवस. पोरी पहाटे घरच्यांसोबत जंगलात पानं तोडायला जातात आणि उन्हं चढली की मांडवात बसून पुडे बांधतात. हात कामात आणि कान रिकामे, गोष्टीला याच्याइतकी चांगली वेळ नाही, असं तू म्हणायचीस. त्या दिवशी गोष्ट सांगून तू दुपारी निघालीस. बायांनी थांबवलं, ऊन उतरू दे म्हणाल्या. तू म्हणालीस, जेवायला घरीच जातो. वाटेत गाडी पंक्चर झाली. तू ती ढकलत निघालीस. पुढचं मला मैनाबाईंनी सांगितलं.

मैनाबाई तुझ्या जाण्यानंतरच्या जलदानाच्या कार्यक्रमाला आल्या होत्या. त्या आणि त्यांची जाऊ डोक्यावर पानांचं ओझं घेऊन येत होत्या, तेव्हा तू त्यांना रस्त्याच्या कडेला बसलेली दिसलीस. अंगाला घाम नव्हता आणि तू भलतंच बोलत होतीस. आईला हाका मारत होतीस. त्यांनी ओझी टाकली. प्यायला नेलेलं सगळं पाणी तुझ्या डोक्यावर ओतलं. एक जण गावाकडे पळाली, बाज घेऊन बाया आल्या, बाजेवर तुला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि एका जीपवाल्याला थांबवलं. दवाखान्यापर्यंत मैनाबाई तुझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना गोंडी जवळची, मराठी तुटक. माझा हात धरून त्या परत परत तेच सांगत होत्या, ‘बाईले एकटं नाई सोडलं. पदरानं वारा घालून राह्यलो होतो. एकटं नाई सोडलं.’

मी ऐकत होते. ऊन माझ्या गोष्टीतलं होतं. बाया तुझ्या गोष्टीतल्या होत्या. तरी तू मेलीस. हे मी मनात अनेकदा मांडून पाहिलं आणि दर वेळी ते तिथेच थांबतं. त्यातून कुठला निकाल निघत नाही. त्या बायांचे उपकार वाटतात, खूप वाटतात, आणि तेही लांबून, काचेपलीकडचं काही पाहावं तसे.

कार्यक्रमात मला तुझ्याबद्दल बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. समोर तुझा हार घातलेला फोटो, कुठल्याशा ट्रेनिंगला काढलेला, त्यात तू ताठ बसलेली. मी म्हणाले, ‘सुजाता माझी मैत्रीण होती,’ आणि खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. आलं नव्हतं. पुढे काय असतं तेच आठवत नव्हतं.

त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा धानोऱ्याला गेले, भाऊजींना भेटायला. त्यांचं मोटर दुरुस्तीचं दुकान उघडं होतं. ते एका पंपाच्या मोटरला तार गुंडाळत बसले होते. मला पाहून स्टूल पुसलं, चहा सांगितला. मैत्री आत अभ्यास करत होती. तार गुंडाळता गुंडाळताच ते म्हणाले,

‘ताई, एक विचारू? तुम्ही दोघी बसल्या की मी ऐकत राहो. चंद्र म्हणा, भुयार म्हणा. दोनशे वर्षं पुढचं, तीनशे वर्षं पुढचं. सुजाता म्हणे सगळं चांगलं होईल. तुम्ही म्हणा वाटोळं होईल. मले दोन्ही पटे. ज्याची गोष्ट ऐकली त्याचं पटे.’

‘हो, भाऊजी.’

‘पुढच्या वर्षीचं कोणी लिहिलं का?’

मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं.

‘पुढच्या वर्षीचं,’ ते म्हणाले. ‘मैत्रीची दहावी राहीन. सकाळी तिचा डबा राहीन. मे महिना येईन पुन्हा. सुजाता घरात नसन. तवा कसं राह्यते, कसं करते माणूस, हे तुमच्यापैकी कोणी लिहिलं असन तं मले वाचाले द्या. मले दोनशे वर्षांचं नाई पायजे.’

‘नाही लिहिलं,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यात. तारेचं टोक कापलं, मोटर बाजूला ठेवली आणि चहा थंड होईल म्हणाले. मी चहा प्यायले. मैत्री बाहेर आली, तिने मला गणितातलं एक विचारलं, मी समजावून सांगितलं. तिची समजण्याची पद्धत तुझ्यासारखी आहे, पटेपर्यंत मान हलवत नाही. मग मी बसस्टॉपवर आले.

चैतीच्या गोष्टीचा पुढचा भाग मी लिहिणार नाही. तू काय पाहून राहिली होतीस, ते मला माहीत नाही, आणि तुझ्या नावावर मी काहीतरी ठोकून दिलेलं तुला चाललं नसतं. तू म्हटलेलं ‘तुहं खरं आहे’ हे हार मानणं होतं की पुढच्या डावाची तयारी, हेही आता कधी कळणार नाही. मी तुला विचारायला हवं होतं असंही नाही. आपण तशाच होतो, फोन ठेवून द्यायचो आणि पुढचं पुढच्या फोनवर.

भाऊजींसाठी मात्र लिहायला बसले आहे. ड्यूटीवरून आल्यावर रोज थोडा वेळ बसते. फारसं झालेलं नाही. झालंय ते असं: पुढच्या वर्षी मे महिना येईल. ऊन यंदापेक्षा जास्त असेल. दिलीप सकाळी उठून दोन माणसांचा स्वयंपाक करेल आणि भात थोडा जास्तच होईल. मैत्रीचे दहावीचे पेपर होऊन गेलेले असतील. मांडवात पोरी पुडे बांधतील. कोणीतरी त्यांना गोष्ट सांगेल किंवा सांगणार नाही.

एवढीच वाक्यं आहेत. ती उजेडातली आहेत की अंधारातली, मला ओळखता येत नाही. तू वाचून नक्की भांडली असतीस. कोणत्या वाक्यावर, ते मात्र मला सांगता येत नाही.